स्लाव्हमध्ये उंट बाहेर काढला की बी७ चं प्यादं जातंय, परत परत

तर प्रॉब्लेम असा आहे. बुद्धिबळात समोरच्याने डी४ खेळलं की मी काळ्याकडून स्लाव्ह डिफेन्स खेळतो, म्हणजे १. डी४ डी५ २. सी४ सी६, आणि दर चार-पाच डावांत एकदा तरी तेच होतं. माझा सी८ वरचा उंट ऐटीत एफ५ ला जाऊन बसतो, समोरचा सी४ च्या प्याद्याने डी५ मारतो, मी सी६ ने परत मारतो, आणि त्याचा वजीर शांतपणे बी३ वर येतो. झालं. बी७ कडे बघायला घरात कोणी नाही आणि मी सहाव्या खेळीलाच घड्याळातली सहा मिनिटं घालवून बसलेलो असतो. हे एकदा झालं तर चूक म्हणता येते, माझं वर्षभर चाललं होतं आणि दरवेळी मी वेगळा उपाय करून वेगळ्या पद्धतीने हरायचो. ज्यांचं असंच होतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, बऱ्यापैकी सविस्तर, कारण नुसतं "तिथे उंट काढू नका" असं सांगून काही होत नाही. उंट काढायलाच तर आपण स्लाव्ह खेळतो.

लिहिण्याबद्दल एक गोष्ट आधी सांगतो. आकड्यानंतरची पहिली खेळी पांढऱ्याची, दुसरी काळ्याची. ए म्हणजे पांढऱ्याच्या बाजूने बघितलं तर अगदी डावीकडची उभी पट्टी आणि ई म्हणजे राजाची. ए४ आणि ई४ मध्ये गोंधळ करू नका, पट समोर मांडूनच वाचा, मनातल्या मनात वाचून यातलं अर्धंही हाती लागणार नाही.

आता मुळात हा उंट बाहेर का काढायचा? डी४-सी४ ला नेहमीचं जुनं उत्तर म्हणजे ई६. ते भक्कम आहे पण ई६ केलं की सी८ चा उंट आपल्याच प्याद्यामागे कोंडला जातो आणि मग वीस-वीस खेळ्या तो बिचारा खिडकीतून बघत बसतो. स्लाव्हमध्ये डी५ ला आधार सी६ ने देतात, ई६ ने नाही, त्यामुळे उंटाची तिरकी वाट मोकळी राहते, आधी उंट एफ५ किंवा जी४ ला आणि मग मागून ई६, अशी सगळी योजना. ऐकायला एवढं गोड आहे की मी पहिल्या दिवसापासून डोळे झाकून उंट काढत सुटलो. समोरचा काय खेळलाय, त्याचा घोडा कुठे आहे, काही बघायचं नाही, चौथी खेळी आली की उंट एफ५.

नेमकी गोची इथे होते: ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. घोडा सी३ उंट एफ५. ही चौथी खेळीच चुकीची आहे, पण दिसायला इतकी नॉर्मल आहे की शंका येत नाही. पुढे ५. सी४ ने डी५ मारलं, सी६ ने परत मारलं, ६. वजीर बी३. आता मी काय काय करून बघितलं ते सांगतो म्हणजे तुम्हाला परत ते करायला नको.

सगळ्यात आधी, वजीर बी६. वजिराला वजीर भिडवला, बी७ पण सांभाळलं, वा. पुढची खेळी घोडा डी५ मारतो! मला वाटलं चुकला, फुकट घोडा देतोय. मी लगेच वजिराने बी३ वरचा वजीर मारला, तर त्याचा घोडा एफ६ वरचा माझा घोडा मारून राजाला शह देतो, आधी तो शह निस्तरावा लागतो, जी७ च्या प्याद्याने घोडा मारला, मग तो निवांत ए२ च्या प्याद्याने माझा वजीर मारतो. हिशोब करा, वजिरासमोर वजीर गेला, घोड्यासमोर घोडा गेला, आणि डी५ चं प्यादं मधल्यामध्ये गायब. त्याची बी पट्टीवरची प्यादी जोडीने उभी राहिली हे खरं, पण एक प्यादं कमी ते कमीच. हा मधला शह मी तीन वेळा खाल्ला, तीन. तिसऱ्या वेळी तर मला दिसत होतं आणि तरी वाटलं की आता काहीतरी वेगळं होईल.

मग बी६. प्यादं एक घर पुढे, बी७ चा प्रश्नच मिटला. फक्त आता सी६ चं घर उघडं पडलं आणि ए४ पासून ई८ पर्यंतची तिरकी लाईन पण. पांढरा घोडा ई५ ला आणतो, ई३ करून उंट बी५ वर शह देतो आणि मग माझी सगळी मोहरी एकमेकांच्या पायात पाय घालून उभी. प्यादं जात नाही, डाव जातो.

मग वजीर डी७. हे कागदावर बरं दिसतं, बी७ पण सांभाळलं आणि डी५ पण. घोडा ई५. वजीर परत हलला. पांढऱ्याचं मोहरं फुकटात पुढे आलं आणि मी होतो तिथेच.

घोडा सी६ पण खेळलोय, म्हणजे बी७ देऊनच टाकायचं, वजीर बी७ मारतो, मी उंट डी७ ला मागे आणतो, हत्ती बी८ ची धमकी आहे म्हणून वजिराला परत पळावं लागतं, हत्ती बी८ वर येतो, दोन-तीन खेळ्यांची आघाडी मिळते. ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात, हे चालून जातं, समोरचा घाबरतो. रॅपिडला, म्हणजे जरा जास्त वेळाच्या डावात, किंवा रविवारच्या स्पर्धेत, जिथे माणूस चहा पीत पीत विचार करतो, तिथे तो प्यादं खिशात घालून आरामात खेळतो.

शेवटी इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, लावलं तर इंजिन म्हणतं उंट परत सी८ ला. म्हणजे बाहेर गेला, हवा खाल्ली, घरी आला. दोन खेळ्या वाया. आणि खरोखरच त्या स्थितीत तेच सगळ्यात कमी वाईट आहे, हे कळल्यावर मला जो राग आला तो उंटावर होता की स्वतःवर माहीत नाही.

आम्ही रविवारी जिथे खेळतो तिथे एक काका येतात, रिटायर्ड बँकवाले, रेटिंग फार नाही पण डोकं एकदम हिशोबी. त्यांना हा डाव दाखवला. त्यांनी इंजिनची लाईन बघितलीच नाही. म्हणाले, "उंट घरी बसून काय करत होता ते आधी सांग." मी म्हटलं काही नाही, नुसता बसला होता. म्हणाले, "नुसता कसा? बी७ ची राखण करत होता ना. वॉचमन सुट्टीवर पाठवलास तर त्याच्या जागी कोण येणार ते ठरवायला नको?" मग त्यांनी पटावर बोट ठेवून डी५ ची बेरीज करायला लावली, आणि माझा वर्षभराचा घोळ तिथे सुटला.

ती बेरीज अशी. सी पट्टीवरची प्यादी मारामारीत गेल्यावर आणि वजीर बी३ वर आल्यावर पांढरा एका वेळी दोन ठिकाणी बघतोय, बी७ आणि डी५. डी५ वर त्याचे दोन जण आहेत, सी३ चा घोडा आणि बी३ चा वजीर. आपले डी५ चे राखणदार पण दोनच, एफ६ चा घोडा आणि डी८ चा वजीर. दोनाला दोन, ठीक आहे. पण उंट घरी नाही म्हटल्यावर बी७ सांभाळायला जायचं कोणी? वजिराने. आणि वजीर बी६ ला किंवा सी७ ला गेला की डी५ वर दोनाला एक. म्हणून घोडा डी५ मारतो. बी७ हा नुसता बहाणा आहे हो, खरी चोरी डी५ ला होते. आपल्या वजिराला एकाच वेळी दोन ड्युट्या लागल्या की प्यादं जाणार, हे एवढं समजलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं, लाईन पाठ नसली तरी.

म्हणजे उंट काढायच्या आधी पहिली नजर सी३ वर. पांढऱ्याचा घोडा तिथे आलाय का?

नसेल आला, म्हणजे समजा ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. ई३, तर उंट एफ५ बिनधास्त काढा. परत तेच करू दे त्याला, सी४ ने डी५, सी६ ने डी५, वजीर बी३. आता डी५ वर त्याचा एकटा वजीर आहे, आपला घोडा पुरेसा आहे, त्यामुळे आपला वजीर मोकळा. वजीर सी७. आणि इथे मजा बघा, सी पट्टी उघडी आहे आणि आपल्या वजिराची नजर थेट सी१ वरच्या उंटावर पडते, त्या उंटाला आधार द्यायला डी१ चा वजीर आता तिथे नाही आणि ए१ चा हत्ती बी१ वरच्या स्वतःच्याच घोड्यामागे अडकलाय. म्हणजे तो आपल्यावर चाल करून आला आणि आता त्यालाच उंट डी२ किंवा घोडा सी३ करून घर सावरावं लागतं. मग आपण ई६, घोडा सी६, सगळं छान. वजीर बी६ पण चालतं इथे, त्याने वजीर मारला तर ए७ च्या प्याद्याने मारायचं, ए पट्टी उघडते आणि हत्तीला घरबसल्या काम मिळतं.

एकाच घोड्याचा फरक, आणि डाव पूर्ण वेगळा. हे मी नीट पट मांडून दोन्ही बाजूंनी दहा वेळा खेळून बघितलं तेव्हा डोक्यात बसलं.

आता यात एक चोरवाट आहे आणि मी नेमका तिथेच परत पडलो. मला वाटलं नियम सोपा आहे, ई३ दिसलं की उंट काढायचा. मग एका स्पर्धेत समोरच्याने ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. ई३ असं खेळलं. ई३ दिसलं, उंट एफ५. तोच सिनेमा परत. कारण त्याचा राजाकडचा घोडा घरी होता पण वजिराकडचा सी३ वर होता आणि आपल्याला फक्त त्याच्याशीच देणंघेणं आहे. या मूव्ह ऑर्डरने खेळणारे लोक बहुतेक वेळा हे मुद्दाम करतात, त्यांना माहीत असतं की स्लाव्हवाला सवयीने उंट काढणार.

मग या मूव्ह ऑर्डरला काय करायचं? ई६ करून सेमी-स्लाव्हमध्ये जाता येतं पण परत तो उंट कोंडला जातो, मग ती वेगळी विद्या आहे, त्यात न गेलेलंच बरं जर तुम्ही माझ्यासारखे ऑफिस सांभाळून खेळणारे असाल तर. मी ए६ खेळतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा ही खेळी मला वेळकाढूपणा वाटली होती, ए पट्टीवरचं प्यादं एक घर, का? हा चेबानेन्को प्रकार, मोल्दोव्हाचे प्रशिक्षक व्याचेस्लाव चेबानेन्को यांच्या नावाचा. ए६ चे दोन फायदे. एक, आपल्या प्याद्याच्या बी५ ची धमकी कायम राहते. दुसरा फायदा जरा विनोदी आहे. समजा ४. ई३ ए६ ५. घोडा एफ३ उंट एफ५ ६. वजीर बी३, आता हत्ती ए७! हो, हत्ती. कोपऱ्यातून एक घर पुढे. बी७ ला हत्तीने आडवा आधार दिला, वजीर डी८ वरच डी५ सांभाळत बसला, घोडा एफ६ वर आहेच. काकांच्या भाषेत वॉचमनच्या जागी दुसरा वॉचमन आला. हत्ती तिथे बसलेला बघून कसंतरी वाटतं, पण ही खेळी ग्रँडमास्टर लोक सर्रास खेळतात, लाजायचं कारण नाही, आणि पुढे बी पट्टीवर काही हललं की तो हत्ती कामाला येतो.

बरं, आता सगळ्यात जास्त येणारी स्थिती, दोन्ही घोडे बाहेर, म्हणजे ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. घोडा सी३. इथे उंट नाही काढायचा हे कळलं, मग काय? आधी डी५ ने सी४ मारा. मी हे खूप दिवस टाळत होतो कारण मला शिकवलं होतं की मधलं प्यादं सोडायचं नसतं. पण आपली बेरीज बघा, डी५ वर आपलं प्यादंच उरलं नाही, म्हणजे सांभाळायचंच काही नाही, म्हणजे वजिराच्या दोन ड्युट्यांपैकी एक रद्द. शिवाय सी४ वर आपलं प्यादं बसलंय तोपर्यंत वजीर बी३ ला येऊच शकत नाही, आपण प्याद्याने मारू.

पांढरा आता बहुतेक ५. ए४ करतो, आपण बी५ करून ते प्यादं धरून ठेवू नये म्हणून. त्याने ए४ नाही केलं, नुसतं ई३ केलं, तर खरंच बी५ करा आणि मग ए४ आलं की बी४ करून घोड्याला हाकला. पण ए४ आलं की लगेच उंट एफ५. आता काढा, आता हरकत नाही. पुढे साधारण असं जातं, ६. ई३ ई६ ७. उंटाने सी४ मारलं, आणि आपला दुसरा उंट बी४. ही खेळी मला फार आवडते. ए४ केल्यामुळे पांढऱ्याला आता ए३ करून त्या उंटाला हुसकावता येत नाही, बी४ हे घर त्याने आपल्याला लिहूनच दिलंय, आणि त्या उंटामुळे बी पट्टीचा नळच बंद होतो, वजीर बी३ ला आला तरी बी७ पर्यंत नजर जात नाही. उंटाला ए५ ने आधार द्या आणि कॅसलिंग करा. पांढऱ्याचा सगळा प्लॅन इथे ई४ काढण्याचा असतो, तो कधी ना कधी निघतोच, घाबरायचं नाही, पण एफ५ चा उंट जी६ ला सरकवायला जागा आहे ना एवढं बघून ठेवा.

सहाव्या खेळीला ई३ च्या ऐवजी घोडा ई५ आला तर जरा जागं राहायचं. हे जुनं आहे, १९३५ मध्ये नेदरलँड्सला अलेखाइन आणि एउवे यांची जगज्जेतेपदाची लढत झाली त्याच्या पहिल्याच डावात हे आलं होतं, तो डाव अलेखाइन जिंकला पण लढत एउवे जिंकला, १५½-१४½. आणि २०१० ला सोफियात आनंद जगज्जेतेपदासाठी टोपालोव्हशी खेळत होता, पहिला डाव ग्रुनफेल्ड (डी४ विरुद्धचा दुसरा एक बचाव) खेळून हरला, मग तिसऱ्या आणि पाचव्या डावात काळ्याकडून त्याने हाच स्लाव्ह काढला. ६. घोडा ई५ ई६ ७. एफ३ सी५ ८. ई४ उंट जी६, उंट ई३, मारामारी, दहाव्या खेळीला वजिरासमोर वजीर गेला. दोन्ही डाव बरोबरीत. मी हेच खेळतो कारण पाठ करायला कमी आहे, वजीर गेल्यावर समोरच्याचा अर्धा उत्साह जातो आणि बी७ चा विषयच संपतो. पांढऱ्याकडे थोडी जास्त जागा असते आणि आपल्याला जरा वेळ मुकाट्याने बसावं लागतं. ज्यांना मुकाट्याने बसवत नाही त्यांनी हे घेऊ नये.

आता स्लाव्हचा एक्स्चेंज प्रकार. ३. सी४ ने डी५, सी६ ने डी५, म्हणजे त्याने आधीच मारामारी उरकली. लोक याला कंटाळवाणं म्हणतात, समोरचा बरोबरी मागतोय असं समजतात, आणि तिथेच सावध नसतात. ४. घोडा सी३ घोडा एफ६ ५. उंट एफ४ घोडा सी६ ६. ई३ उंट एफ५. अरे पण सी३ वर घोडा आहे, मग उंट कसा काय काढला? इथे फरक सी६ च्या घोड्याचा. लगेच वजीर बी३ आला तर घोडा ए५, वजिरालाच हाकलायचं, ए४ वरून शह दिला तर उंट डी७ ला आणून अडवा, वजीर परत हलणार. आणि ७. घोडा एफ३ ई६ ८. वजीर बी३ असं आलं तर उंट बी४, परत तोच नळ बंद, आणि बी४ च्या उंटाला सी६ चा घोडा आधार देतोय.

याचा सगळ्यात भारी डाव म्हणजे २००८ ची बॉनची जगज्जेतेपदाची लढत, क्रामनिक पांढऱ्याकडून, आनंद काळ्याकडून, पहिलाच डाव. पट मांडा आणि वरच्या आठ खेळ्यांच्या पुढे हा खेळून बघाच. ९. उंट बी५ कॅसलिंग १०. उंटाने सी६ मारलं, उंटाने सी३ मारून शह ११. वजिराने परत मारलं, हत्ती सी८. सी६ वरच्या पांढऱ्या उंटाला हलता येत नाही, हलला तर सी३ चा वजीर गेला. १२. घोडा ई५ करून त्याने उंटाला आधार दिला, आनंदने घोडा जी४ करून तोच आधार उखडायला घेतला. १३. घोड्याने घोडा मारला, उंटाने परत मारला १४. वजीर बी४, हत्तीने सी६ चा उंट मारला १५. वजिराने बी७ मारलं! म्हणजे जे प्यादं वाचवायला मी वर्षभर रडतोय ते आनंदने जगज्जेतेपदाच्या पहिल्या डावात देऊन टाकलं. मग वजीर सी८, वजिरासमोर वजीर, हत्तीने परत मारलं, आणि आता बघा, काळ्याचं एक प्यादं कमी आहे पण दोन्ही हत्ती सी पट्टीवर एकामागे एक उभे, आणि उंट विरुद्ध रंगाचे, त्याचा काळ्या घरांवर, आपला पांढऱ्या घरांवर. अशा ठिकाणी एक जास्तीचं प्यादं घेऊन जिंकणं फार अवघड असतं. ३२ खेळ्यांत बरोबरी. मला या डावातून हे कळलं की बी७ जाणं हा मुळात प्रॉब्लेम नव्हताच, माझं जायचं तेव्हा बदल्यात काही मिळायचं नाही हा प्रॉब्लेम होता.

३. घोडा एफ३ घोडा एफ६ नंतर ४. वजीर बी३ किंवा ४. वजीर सी२ असं आधीच वजीर काढणारे पण भेटतात, त्यांचं सोपं आहे, सी४ मारा, वजीर परत मारायला सी४ वर येतो, मग उंट एफ५. तो वजीर तिथे उघड्यावर उभा राहतो आणि आपली मोहरी त्याच्यावर बघत बघत बाहेर पडतात. यात मी कधी अडकलो नाही.

एक दुसरी तक्रार मात्र बी७ चं दुखणं बरं झाल्यावर लगेच सुरू होते, घोडा एच४. म्हणजे ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. ई३ उंट एफ५ ५. घोडा सी३ ई६ ६. घोडा एच४, त्याला आपला उंटच हवाय. मी सुरुवातीला घाबरून उंट इकडे तिकडे पळवायचो आणि चार खेळ्या घालवायचो. आता सरळ उंट जी६. घेऊ दे. घोड्याने जी६ मारलं की एच७ च्या प्याद्याने मारायचं, एच पट्टी उघडते, हत्ती एच८ वर बसल्या जागी जागा होतो, आणि पांढरा त्या बाजूला कॅसलिंग करायच्या आधी दहा वेळा विचार करतो. दोन उंट त्याच्याकडे राहिले हे खरं आहे पण पट इतका बंद असतो की लगेच काही होत नाही. आणि इथे ई६ झालेलं आहे हे बघा. ई६ झालं की डी५ ला प्याद्याचा आधार आला, मग सी३ वर घोडा असो नाहीतर नसो, वजीर बी७ सांभाळायला मोकळा. म्हणजे धोका खरा तर फार थोडा वेळ असतो, उंट एफ५ ला गेल्यापासून ई६ होईपर्यंत, एवढीच फट. समोरच्याला त्या फटीत बोट घालता येतंय का तेवढं बघायचं.

सराव कसा केला म्हणाल तर पझल-बिझल काही नाही. पुतण्याला पांढऱ्याकडून बसवला आणि सांगितलं की चौथ्या खेळीपर्यंत तुला हवं ते खेळ, क्रम बदल, घोडा आधी काढ, ई३ आधी कर, मला फसव. मी फक्त पाचव्या खेळीपर्यंत खेळायचो आणि प्रत्येक वेळी तोंडाने सांगायचो की डी५ वर किती, राखायला किती, बी७ कोणाकडे. पंधरा-वीस वेळा झाल्यावर तो कंटाळला आणि मोबाईल घेऊन गेला, पण तोवर माझं काम झालं होतं. जाता जाता त्याने एक बरोबर विचारलं, "काका, मग पांढऱ्याकडून लंडन सिस्टीम खेळणारे पण दुसऱ्या खेळीला उंट एफ४ ला काढतात, त्यांचं बी२ पण उघडंच पडतं ना?" पडतंच की. म्हणून तर लंडनविरुद्ध सी५ करून वजीर बी६ खेळतात. जो चिमटा मी वर्षभर खाल्ला तो आता मी लोकांना काढतो.

परवाच्या रविवारी एक शाळकरी मुलगा समोर होता, नववी-दहावीतला असेल, पटापट खेळणारा. घोडा सी३, मग ई३, तीच चोरवाट. मी ए६. त्याने घोडा एफ३, मी उंट एफ५, त्याने वजीर बी३ टाकला आणि खुर्चीत मागे रेलला, ते रेलणं मी ओळखतो. मी हत्ती ए७ केला. तो पुढे वाकला, पटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग हळूच विचारतो, "काका, हत्ती चुकून सरकला का? जागेवर ठेवायचा असेल तर ठेवा." म्हटलं नाही रे, तिथेच आहे तो. अकरा मिनिटं घेतली त्याने पुढच्या खेळीला. पुढे पन्नासाव्या खेळीच्या आसपास हत्तीच्या एंडगेममध्ये मी हरलो, पण तो वेगळा प्रॉब्लेम आहे, त्यावर अजून काम चालू आहे.